क्लबवरची डिश

"सापडलं," मी म्हणाले आणि टॅब्लेट बाबांच्या पोटावर ठेवला.

बाबा उताणे पडून होते. काचबिंदूनं दोन्ही डोळे जवळजवळ नेले होते. उजेड-अंधार तेवढा कळायचा. मूत्रपिंडांनीही हात टेकले होते. डॉक्टरांनी डायलिसिस सुचवलं, तेव्हा बाबांनी साफ नकार दिला होता. जन्मभर मी मशीन चालवलं, आता मशीननं मला चालवायला नको, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी चाचपून टॅब्लेटच्या कडा पाहिल्या.

"काय सापडलं?"

"डबा, चिमी, काळी राणी. सगळे सापडले."

मला वाटलं होतं, ते हसतील. निदान त्यांच्या त्या जुन्या खर्जात 'हा हा हा, चिमे' तरी म्हणतील. पण त्यांचा हात टॅब्लेटवर तसाच राहिला.

"शेवटचा भागपण?"

"शेवटचापण."

"मला आता कुठं दिसतंय," ते म्हणाले आणि त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

"मी सांगते की. तुम्ही मला सांगायचा तसं."

इंदुआत्या दारात पेजेची वाटी घेऊन उभी होती. ही बाबांची धाकटी बहीण. ऐन तारुण्यात नवरा गेला आणि ती भावाच्या घरी आली ती कायमची. मला तिनंच वाढवलं. या वयात माणसाच्या कानावर शिवाचं नाव घालायचं, का कार्टून, असं ती पुटपुटली आणि वाटी माझ्या हातात देऊन निघून गेली. गडहिंग्लजच्या त्या दोन खोल्यांत बाबांनी निवृत्तीनंतरची वर्षं काढली होती. मी साताऱ्याहून चार दिवसांची रजा घेऊन आले होते, नवरा आणि मुलगी मागं ठेवून. हे चार दिवस आता शेवटचेच, हे आम्हाला तिघांनाही ठाऊक होतं, फक्त कुणी बोलत नव्हतं.

मी सहा-सात वर्षांची असताना आम्ही खानदेशातल्या एका वीज केंद्राच्या वसाहतीत राहायचो. आम्ही म्हणजे बाबा, आत्या आणि मी. आई नव्हती. ती आम्हाला सोडून गेली होती आणि तिनं बेळगावात दुसरा संसार थाटला होता. हे मला समोर बसवून कुणी सांगितलं नव्हतं, पण घरात ते भिंतींनाही माहीत असावं असं होतं. तिचा एक फोटोसुद्धा घरात नव्हता. मी एकदाच बाबांना विचारलं होतं, ती मला बघायला कधीच आली नाही का? बाबा म्हणाले, नाही. मी पुन्हा विचारलं नाही. पण पुढं मला स्वतःला मुलगी झाली, आणि तिला न्हाऊ घालताना माझा हात मधेच थांबायला लागला. एवढंसं पोर टाकून बाई जाते कशी, आणि गेली तर गेली, एकदा डोळ्यांनी बघायलाही येत नाही? हा प्रश्न मला आयुष्यभर पुरला. बाबा जाण्याआधी तो पुन्हा एकदा विचारायचा, असं मनाशी ठरवून मी प्रत्येक वेळी गडहिंग्लजला यायचे आणि न विचारता परत जायचे.

वसाहतीत करमणूक म्हणजे क्लब. एक लांबलचक हॉल, कॅरमचे बोर्ड, आणि गच्चीवर ही भलीमोठी डिश. तिच्यात कुठली कुठली परदेशी चॅनेलं यायची, कुणाला ओ की ठो कळायचं नाही, तरी माणसं बसून बघायची. एका चॅनेलवर रविवारी सकाळी एक कार्टून लागायचं. यानं, चांदण्या, बर्फाचे डोंगर. एक लहान मुलगी, तिला सांभाळणारा एक म्हातारा वैमानिक आणि हुबेहूब जेवणाच्या डब्यासारखा दिसणारा एक रोबो. आणि त्यांच्या मागावर सतत एक काळं यान. त्यातून उतरायची ती काळ्या शिरस्त्राणातली उंच आकृती, जिचा चेहरा कधीच दिसायचा नाही.

भाषा बहुधा रशियन. आणि बाबांना रशियन येतं असा वसाहतीत बोलबाला होता, कारण तरुणपणी ते भिलाईला प्रशिक्षणाला असताना रशियन साहेबांच्या हाताखाली होते. खरं तर त्यांना 'हो', 'नाही' आणि 'धन्यवाद' एवढंच येत असावं. पण पोरांना काय त्याचं. रविवारी बाबा टीव्हीच्या बाजूला स्टूल टाकून बसायचे आणि आम्हाला गोष्ट सांगायचे. मुलीचं नाव त्यांनी चिमी ठेवलं, रोबोचं डबा, म्हाताऱ्याचं कप्तान. आणि मागावरची ती काळी राणी. डबा कुरकुरायचा तो आमच्या आत्याच्या आवाजात, सारखी गुडघेदुखीची तक्रार करत. हॉल हसून लोळायचा. काळी राणी आली की मात्र बाबांचा आवाज खाली जायचा, इतका, की मागच्या रांगेतली पोरं पुढं सरकायची.

माझ्या आयुष्यात मी कुणावर एवढी खूष झाले नाही, जेवढी त्या स्टुलावरच्या माणसावर होते.

मग एका रविवारी आम्ही गेलो तर पडद्यावर नुसत्या मुंग्या. रात्री वारं सुटलं आणि डिश फिरली, असं बाबांनी सांगितलं. क्लबवाल्यांना ती पुन्हा जाग्यावर आणायला बरेच दिवस लागले, तोवर कार्टून संपून गेलं होतं. चिमीचं शेवटी काय झालं ते आम्हाला कधीच कळलं नाही. बाबांना कितीदा म्हटलं, तुम्हीच सांगा शेवट, तुम्हाला काय अवघड आहे? पण त्यांनी सांगितला नाही. थोड्याच दिवसांत आमची बदली चंद्रपूरकडं झाली.

इतक्या वर्षांनी मला ते सापडलं ते इंटरनेटवरच्या जुन्या कार्टूनवेड्यांच्या एका गटात. जेवणाच्या डब्यासारखा रोबो, म्हातारा, काळं शिरस्त्राण, असं वर्णन मी टाकलं. कुणा भल्या माणसानं उत्तर तर दिलंच, वर सगळे भागही पाठवले, खाली इंग्रजी ओळी असलेले. त्यानं असंही लिहिलं, की ही मूळ मोठ्यांसाठीच्या एका चित्रपटमालिकेची पोरांसाठी काढलेली शाखा. चित्रपट फार उदास आहेत, आधी ते बघा. मी बघितले नाहीत. गोष्टीबद्दल एक ओळसुद्धा वाचली नाही. मला ते बाबांच्या शेजारी बसून, पहिल्यांदा बघतोय असं बघायचं होतं.

म्हणून त्या शनिवारी दुपारी मी बाबांच्या पाठीला दोन उशा लावल्या, टॅब्लेट माझ्या मांडीवर घेतला आणि सुरू केलं.

पहिला भाग मी कधी पाहिलाच नव्हता. आम्ही क्लबात जायला लागलो तेव्हा गोष्ट मधेच होती. एका चंद्रावरचं शहर जळत असतं. एक सैनिक बाई आपली मुलगी जुन्या मित्राच्या, म्हणजे कप्तानाच्या हवाली करते. काही दिवस हिला सांभाळ, मी येते, असं सांगते. पुढं कप्तानाला रेडिओवर बातमी कळते, की ती शत्रूला जाऊन मिळाली. तो मुलीला घेऊन लांब निघून जातो. मुलगी विचारते, आई कधी येणार? तो म्हणतो, आई आता नाही.

मी हे सगळं बाबांना सांगत होते. डब्याचा आवाज काढायचा प्रयत्न केला, तो काही मला जमला नाही.

"असा नाही बोलत डबा," बाबा म्हणाले. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात थोडं हसू आलं होतं. "गुडघा, गुडघा म्हणतो."

"इथं तो म्हणतोय, की इंधन संपत आलंय."

"त्याला काय कळतंय."

आत्याही कधी येऊन पायथ्याशी बसली ते कळलं नाही. एक भाग झाला, दुसरा झाला. बाबा मधे मधे माझं वाक्य तोडून स्वतःचं घालत होते. किती दिवसांनी त्यांचा आवाज असा मोकळा ऐकत होते मी. मनात आलं, बरं झालं आणलं.

मग तो बर्फाच्या गुहेचा भाग आला. हा मला तोंडपाठ होता. चिमी एकटी गुहेत शिरते, बाहेर काळं यान उतरतं आणि काळी राणी गुहेच्या तोंडाशी येऊन उभी राहते. हात पुढं करते. ती काहीतरी बोलते, चिमी किंचाळून आत पळते. इथं बाबा खर्जात म्हणायचे, 'बाहेर ये गं चिमे, तुला खाते.' आणि आम्ही सगळी पोरं एकमेकांना मिठ्या मारायचो.

काळी राणी गुहेच्या तोंडाशी आली. हात पुढं केला. खाली ओळ उमटली.

'थांब. पळू नकोस. तुला लागेल.'

मी ती पुन्हा वाचली. चित्र पुढं गेलं होतं, चिमी पळत होती, आणि शिरस्त्राणातून तोच आवाज येत होता, गुदमरलेला, खरखरीत. खाली ओळी येत होत्या. 'मी तुला शोधत होते. किती मोठी झालीस.'

"काय म्हणाली?" बाबांनी विचारलं.

मी अजून खालच्या ओळींवरच होते.

"उजू, काय म्हणाली ती?"

"म्हणाली, बाहेर ये गं चिमे, तुला खाते."

बाबा हसले. त्यांच्या छातीतून सुटकेचा मोठा श्वास निघाला, तो मला माझ्या खांद्याशी जाणवला. थकलो, आता पुरे, बाकी उद्या, असं म्हणून त्यांनी उशा काढायला लावल्या.

मी टॅब्लेट बंद केला आणि मागच्या पडवीत जाऊन बसले. माझ्या डाव्या गुडघ्यावर एक व्रण आहे. तो कसा आला ते मला नीट आठवतं. वसाहतीत, क्लबाच्या फाटकाशी, ऐन चैत्रातल्या उन्हात मी एकटी चिंचा वेचत होते. एक बाई रस्ता ओलांडून आली. काळी छत्री, डोळ्यांवर मोठा काळा चष्मा, खानदेशातल्या उन्हाला बाहेरची माणसं घेतात तसा सगळा बंदोबस्त. तिनं छत्री खाली ठेवली आणि माझं नाव घेतलं. दोन्ही हात पुढं केले.

बाबांनी आम्हाला एक खेळ शिकवला होता. काळी राणी दिसली की पळायचं, मागं बघायचं नाही, थेट क्लबात शिरायचं. मी पळाले. काळी राणी आली, काळी राणी आली, असं ओरडत. फाटकाच्या आतल्या खडीवर सपशेल पडले, गुडघा फुटला, तशीच उठून आत गेले. बाबांनी मला उचललं आणि हॉलमधली माणसं हसली. नंतर बाबा म्हणाले होते, पोरं पळवणारी वेडी बाई होती, तू शहाणी, बरोबर पळालीस. त्या रात्री मला श्रीखंड मिळालं.

हे सगळं मला कायम आठवत होतं. एवढंच नाही, ती बाई मागून काय म्हणाली तेही आठवत होतं, फक्त आजवर मी त्याच्याकडं कधी वळून बघितलं नव्हतं. ती म्हणाली होती, 'उजू, पळू नकोस, पडशील.'

पोरं पळवणारी बाई असं म्हणत नाही.

आत्या स्वयंपाकघरात भाकरीचं पीठ मळत होती. मी दारात उभी राहिले आणि विचारलं, की क्लबाच्या फाटकाशी काळा चष्मा लावून आली होती ती कोण? तिनं मान वर केली नाही. तिचे हात मात्र परातीत थांबले.

"कशाला आता उकरून काढतेस," ती म्हणाली.

"आत्या."

"दादाला जाऊ दे. मग सांगते."

"बाबा असतानाच सांग."

तिनं हाताचं पीठ पुसलं, स्टुलावर बसली आणि परातीकडं बघत बोलायला लागली. माझी आई, सरोज, बेळगावात शाळेत शिकवायची. बाबांना वाटायचं, तिनं नोकरी सोडून वसाहतीत यावं. ती म्हणायची, तुमची दर चार वर्षांनी बदली, मी कुठं कुठं फिरू? भांडण एवढंच. मारझोड नाही, दारू नाही, कुणाचं काही लफडं नाही. दोघंही हट्टी. मी अडीच वर्षांची असताना बाबांनी मला दिवाळीच्या सुट्टीला म्हणून बेळगावहून आणलं आणि परत पाठवलंच नाही. चार दिवस माझ्याकडे राहू दे, असं म्हणून आणलं होतं. त्यांना वाटलं होतं, पोरीच्या ओढीनं ती नोकरी टाकून येईल. ती आली नाही, वकील गाठते म्हणाली. मग बाबांनीच बदली मागून घेतली, नातेवाइकांना पत्ता दिला नाही.

"तिनं शोधून काढलं, बघ," आत्या म्हणाली. "खानदेशात आली. तू पळालीस ते तिनं बघितलं. संध्याकाळी घराशी आली होती. दादा दारात उभा राहिला. म्हणाला, पोर तुला बघून किंचाळते, अजून काय पाहिजे? मी आत होते. पाणीसुद्धा विचारलं नाही मी तिला, उजू. दादानं विचारू दिलं नाही असं म्हणेन, पण मीच उठले नाही."

"मग?"

"मग चंद्रपूरला आली एकदा. तू शाळेत होतीस. लांबून बघून गेली म्हणं. तेव्हा काही बोलली नाही. पोर घाबरते म्हणून समोर आली नाही."

"आणि दुसरा संसार?"

"कसला संसार. शेवटपर्यंत शाळेत होती. तू बारावीला असताना कावीळ होऊन गेली. आमच्या एका सोयऱ्यानं लग्नात सांगितलं. त्या दिवशी दादा पंगतीतून उठून आला, कारण कुणाला सांगितलं नाही."

मी परातीशेजारी जमिनीवर बसले. मला रडू आलं नाही, राग आला, आणि तोही कुणावर ते कळेना. माझ्या आत्यानं मला न्हाऊमाखू घातलं होतं, तापात रात्र रात्र उशाशी बसली होती. त्याच बाईनं माझ्या आईला दारातून पाण्यावाचून जाऊ दिलं होतं. ती उठून पुन्हा पीठ मळायला लागली. भाकऱ्या करायच्या होत्याच. बाबांसाठी मऊ भाताची पेज, आमच्यासाठी भाकरी, असं रोजचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांचं अंग पुसून दिलं, दाढी केली. त्यांच्या गालावर साबणाचा फेस होता तेव्हाच मी म्हणाले, "बाबा, काळी राणी म्हणजे चिमीची आई आहे."

ते हलले नाहीत. मी वस्तरा खाली ठेवला.

"तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी गालावरचा फेस बोटानं चाचपला. मग म्हणाले, "मला कुठं रशियन येत होतं."

"म्हणजे?"

"आवाज बंद करून बघितल्यासारखंच की ते. एक पोर पुढं पळतंय, मागं कुणीतरी लागलंय. कुणालाही वाटेल, वैरी आहे. मला खरंच तसं वाटलं, उजू. मी काही मुद्दाम नाही सांगितलं." ते थांबले. "पोराच्या मागं आई लागलेली असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

हे खरं होतं. त्यांच्या सुरावरून मला कळत होतं की खरं आहे. आणि तेच मला सगळ्यात जास्त लागलं. खोटं बोलले असते तर भांडता तरी आलं असतं.

"मग कधी कळलं?"

"तोच भाग आदल्या दिवशी, शनिवारी पण लागायचा. तुमची शाळा असायची तेव्हा. रात्रपाळी करून मी तिकडंच जायचो. एकटाच बसून बघून ठेवायचो, रविवारी तुम्हाला काय सांगायचं ते जुळवायला."

हे मला ठाऊक नव्हतं. रात्रभर टर्बाइनपाशी उभं राहून आलेला माणूस, डोळे तांबारलेले, रिकाम्या हॉलमध्ये बसून पोरांचं कार्टून बघतोय, आमच्यासाठी. मला त्याही क्षणी ते चित्र आवडलं, याचा मला राग आला.

"शेवटच्या शनिवारी," बाबा म्हणाले, "ती काळी राणी चिमीसमोर आली आणि तिनं टोपी काढली. आत बाईचा चेहरा. चिमीसारखाच, तेच कपाळ, तेच डोळे. त्याला भाषा कशाला पाहिजे? पोरांना बघताक्षणी कळलं असतं. तुला कळलं असतं. आणि ती फाटकाशी येऊन गेल्याला आठ दिवससुद्धा झाले नव्हते."

"वारं सुटलं नव्हतं त्या रात्री."

"नाही."

"तुम्ही गच्चीवर गेलात."

"पाना घेऊन गेलो. डिश फिरवली." त्यांनी ओठांवर आलेला फेस पुसला. "पोरं रडत होती रविवारी. तू नाही रडलीस. तू माझ्याजवळ येऊन म्हणालीस, वाऱ्याला काय कळतंय."

मी पुन्हा वस्तरा घेतला आणि दुसरा गाल पुरा केला. बाबा मान वर करून निमूट बसले होते. मला वाटत होतं, ते आता चुकलं म्हणतील. मी वाट बघत होते. दाढी झाली, तोंड पुसून झालं, तेल लावून झालं, पण ते तसं काही म्हणाले नाहीत. शेवटी मीच टॉवेल झटकून उठले, तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

"टोपी काढली एवढंच बघितलं मी," ते म्हणाले. "तिथूनच उठलो. पुढचं मलापण ठाऊक नाही."

"बरं."

"आज लावशील?"

जेवणानंतर आत्या शेजारी गेली. मुद्दाम गेली, मला कळलं. मी खिडकीचा पडदा ओढला, बाबांच्या पाठीला उशा लावल्या आणि शेवटचा भाग सुरू केला. या वेळी मी बोलत नव्हते. ते कान देऊन ऐकत होते, आणि खोलीत फक्त त्या परक्या भाषेतले आवाज होते. कप्तानाचा घोगरा, डब्याचा किरकिरा, चिमीचा बारीक. बाबांनी एकेकाचं नाव घेऊन ओळख पटवली, हा कप्तान, हा डबा. मी हं म्हणत राहिले.

एका उजाड माळावर काळं यान उतरलं. काळी राणी खाली आली. कप्तानानं चिमीला पाठीशी घातलं आणि बंदूक रोखली. ती चालत राहिली. मग थांबली आणि दोन्ही हातांनी शिरस्त्राण उचललं.

"काढली का टोपी?" बाबांनी विचारलं. त्यांना आवाजावरून कळलं असावं; शिरस्त्राणातली ती खरखर एकदम गेली होती आणि बाईचा साधा, थोडा थकलेला आवाज आला होता.

"काढली."

तिचा अर्धा चेहरा भाजलेला होता. उरलेला अर्धा चिमीचा होता. चिमी कप्तानाच्या मागून डोकावून बघत होती. खाली ओळी नव्हत्या, पडद्यावर तिघं आणि वारा. बराच वेळ तसंच. मी माझ्या आईचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. मला काळा चष्मा आठवला आणि पुढं केलेले हात.

चिमी कप्तानाच्या मागून बाहेर आली. चालत गेली आणि आईच्या कमरेला बिलगली. कप्तानाच्या हातातली बंदूक खाली पडली. तो वळला आणि एकटाच आपल्या मोडक्या यानाकडं चालायला लागला, पाठीत वाकून. इथं संपेल असं मला वाटलं. पण चिमीनं मान वळवली. आईला सोडून ती मागं पळाली, म्हाताऱ्याचं बोट धरलं आणि त्याला ओढत, ओढत, आईकडं घेऊन आली. आई आणि म्हातारा एकमेकांकडं बघत नव्हते. पण चिमीनं दोघांची बोटं सोडली नाहीत. डबा मागून कुरकुरत आला. मग चांदण्या आणि नावं.

संगीत सुरू झालं होतं. बाबांनी माझ्या दिशेनं हात पुढं केला आणि चाचपडत माझं मनगट धरलं. त्यांचे डोळे उघडे होते आणि माझ्या थोडं डावीकडं बघत होते.

"कुणाकडं गेली पोरगी?"

मी त्या हाताकडं बघितलं. याच हातानं मला फुटल्या गुडघ्यानिशी क्लबात उचलून घेतलं होतं. याच हातानं पाना धरला होता. एक वाक्य तर सांगायचं होतं, आणि ते खरंही होतं. ते सांगितलं असतं तर त्या माणसाला शांत झोप लागली असती. माझ्या आईला तशी झोप कुणी दिली होती?

"उजू? म्हाताऱ्याचं काय झालं?"

"डिश फिरली, बाबा," मी म्हणाले. "पुढचं दिसलं नाही."

त्यांची बोटं माझ्या मनगटावर तशीच राहिली. मग त्यांनी हात काढून घेतला, हळूच मान हलवली आणि भिंतीकडं तोंड केलं. पुढं ते पंधरा दिवस होते. मी रजा वाढवून तिथंच राहिले, त्यांना पेज भरवली, अंग पुसलं, पाय चेपून दिले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.